डाय हाऊसचा फोन

७ एप्रिल, सोमवार

सकाळी देशमाने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट मेच्या पहिल्या आठवड्यात. त्यांची यादी अकरा पानी. बॉयलर, सांडपाणी, बायकांची बाथरूम, आणि नवव्या पानावर माझं काम: कंपनीतले सगळे इंटरनेट फोन सुरक्षित जोडणीवर पाहिजेत.

साहेब म्हणाले, "फोन तर चालतात की. सुरक्षित म्हणजे अजून काय करायचं?"

लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, फोन चालू झाला की तो आधी नेटवर्कला विचारतो, माझी फाइल कुठं ठेवलीय. मग सर्व्हरवर जातो आणि स्वतःच्या पाठीवर छापलेल्या नंबराची फाइल मागतो. त्या फाइलीत त्याचं नाव, एक्स्टेंशन, पासवर्ड. ती मिळाली की फोन जिवंत, नाहीतर नुसतं प्लास्टिक. आणि हे सगळं आपल्याकडं उघड्यावर चालतं. कुणीही मधे बसून वाचावं. साहेबांचा फोन उलटा केला, पाठीवरचा नंबर टाकला, त्यांचीच फाइल उघडून पासवर्ड वाचून दाखवला.

साहेब उठले आणि केबिनचं दार लावून आले.

फोन ९६. ऑफिसात ४१, बाकीचे शेडमध्ये, गोडाऊनला, बॉयलरला, गेटवर. आयटीत माणूस एक. मी.

९ एप्रिल, बुधवार

स्वतःच्या टेबलावरच्या फोनवर प्रयोग. नवीन पद्धतीत फोन फाइल घ्यायच्या आधी सर्व्हरकडं सर्टिफिकेट मागतो. कुणी दिलंय, कधीपासून कधीपर्यंत चालतं, सगळं तपासतो. पटलं तरच बोलणं, तेही कुलूपबंद. पटलं की स्क्रीनवर बारीक कुलूप दिसतं.

माझ्या फोनला पटेना. तासभर नुसतं ‘रजिस्टरिंग’. जेवण राहिलं. शेवटी पुण्याला, ज्यांच्याकडून फोन घेतले त्यांच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, फोनचं घड्याळ बघा."

घड्याळ खरंच मागं. वीज गेली की या फोनांची तारीख पुसली जाते आणि ते कुठल्यातरी जुन्या सालातल्या १ जानेवारीला जाऊन बसतात. आमचं सर्टिफिकेट गेल्या महिन्यातलं. म्हणजे फोनच्या हिशेबी ते अजून निघालेलंच नाही. मग तो का विश्वास ठेवील. वेळ सांगणारा सर्व्हर जोडून दिला. दीड मिनिटात कुलूप आलं.

वडिलांचा, आण्णांचा, फोन सांगोल्याहून. "उजव्या डोळ्यानं आता मेंढरू हाय का दगूड हाय ते बी कळंना." मोतीबिंदूची तारीख १८ मिळालीय, हितं सोलापुरातच. पंधरा दिवस माझ्याकडं राहतील.

११ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसचे ४१ झाले. प्रत्येकाच्या टेबलाशी उभं राहायचं, फोन बंद करून चालू करायचा, कुलूप येईपर्यंत थांबायचं, एक कॉल करून बघायचा. ॲकाऊंट्सवाल्या बाईंनी विचारलं, "आमचं बोलणं आता कुणाला ऐकू जाणार नाही ना?" मी नाही म्हटल्यावर लगेच जावेबद्दल बोलायला लागल्या.

४२ डिग्री. गाडीची सीट शेकते. जुळे सोलापूर ते एमआयडीसी, तोंडाला ओढणी, हातात मोजे, आणि तरी कोपरापर्यंत काळी. घरी येऊन भांडी. नवऱ्याला, अनिलला, पेपर तपासायचे होते, कॉलेजच्या परीक्षा. त्यानं कुकर लावला होता एवढंच.

१५ एप्रिल, मंगळवार

शेड एक, दोन, तीन झाल्या. गोडाऊन, बॉयलर, गेट आधीच झालं होतं. लूमच्या आवाजात कॉल करून बघायचा म्हणजे ओरडायचं. घसा बसला. गुडघा दुखतोय.

डाय हाऊस, सूत रंगवायचा विभाग, तेवढं राहिलं होतं. ते पार लांब, बॉयलरच्या अलीकडं. तिथं एकच फोन, खांबावर. साडेपाच वाजलेले. खुर्चीवरूनच त्याला बंद-चालूचा हुकूम दिला. कंप्युटरवरच्या फोनांच्या यादीत एक मिनिट लाल, मग हिरवा ठिपका. टिक केली.

माझ्याच चेकलिस्टवर लिहिलंय, ‘जाऊन फोन उचलून बघणे’. गेले नाही. ९६ पैकी ९५ उचलले.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी सव्वाबाराला वीज गेली, पाऊण तास. आल्यावर फोन एकेक करून परत जागे झाले. छान वाटलं बघायला.

कँटीनमध्ये रफिकभाई भेटले, डाय हाऊसचे सुपरवायझर. चहाचा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "म्याडम, हमारा फोन गूंगा होगया जी. लाइट आने के बाद से. जरा देखो."

मी म्हटलं, "उद्या बघते." मग आठवलं उद्या रजा. म्हटलं, "नाहीतर शनिवारी."

"हौ, देखो," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी निघताना यादी बघितली. ९५ हिरवे. डाय हाऊस लाल.

१८ एप्रिल, शुक्रवार

आण्णांचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत बाहेर. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "गावाकडं टँकर आला का?" अनिलनं माझ्या भावाला फोन लावून दिला. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, दोन बाटल्या, पाच मिनिटांच्या अंतरानं. काळा चष्मा घालून हॉलमध्ये बसलेत.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी पट्टी काढायला दवाखाना. ऑफिसला साडेअकरा. साहेबांना ऑडिटचे फोनचे कागद आजच पाहिजेत. ९६ ओळींचा तक्ता: फोनची जागा, नंबर, फाइल सुरक्षित, कॉल सुरक्षित, तपासलं कोणी. ९६ वेळा माझं नाव.

डाय हाऊस अजून लाल. ओळ हिरवी धरूनच भरली. जेवल्यावर जाऊन येऊ म्हटलं. मग पुण्याचा फोन, मग साहेब, मग चार वाजले. डाय हाऊसमध्ये चार वाजता जायचं म्हणजे भट्टीत. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच.

२१ एप्रिल, सोमवार

डाय हाऊसमध्ये अपघात. व्यंकटेश बोद्दूल. दोन्ही पाय.

लिहवत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काल सकाळी दहा-वीसची गोष्ट. मी तेव्हा साहेबांच्या प्रिंटरला बसले होते. डाय हाऊसला निघालेच होते, साहेब म्हणाले तेवढं प्रिंटरचं बघून जा.

रंगाच्या मशीनवरच्या वाफेच्या पाइपची जोडणी सुटली. खाली व्यंकटेश. वाफ आणि उकळतं लाल पाणी गुडघ्याखाली. मशीनचा व्हॉल्व्ह अडकलेला, फिरेना. अशा वेळी खांबावरचा फोन उचलून बॉयलरला सांगायचं, वाफ बंद करा, आणि गेटला सांगायचं, गाडी पाठवा. खांबावर तसं लिहिलेलंच आहे, मोठ्या अक्षरात, दोन्ही नंबर. मोबाइल आत न्यायला बंदी. सगळ्यांचे गेटवरच्या कप्प्यात असतात.

रफिकभाईंनी फोन उचलला. टोनच नाही. परत उचलला. मग एकाला बॉयलरकडं पळवलं, एकाला गेटकडं. व्यंकटेशला ओढायचं तर वाफेतून जायचं. रफिकभाई गेले. त्यांचा उजवा हात भाजलाय, कोपरापर्यंत.

बॉयलरपर्यंत पळायला तीन मिनिटं. गेटपर्यंत सहा. गाडी यायला अजून. फोन चालू असता तर. हे वाक्य काल संध्याकाळपासून माझ्यामागं आहे, पुरं होत नाही.

व्यंकटेशना मी ओळखते ते एवढंच, गोडाऊनच्या वाटेवर दिसले की, "काय म्याडम, कंप्युटर काय म्हणतंय?" बोलणं तेलुगू वळणाचं. वय पंचावन्न असेल. बावीस वर्षं डाय हाऊसला. नखं कायम कुठल्यातरी रंगाची.

दवाखान्यात आहेत. जिवाला धोका नाही म्हणतात. कातडी लावावी लागेल.

२३ एप्रिल, बुधवार

आज डाय हाऊसला गेले. जमीन धुतलेली, तरी सांध्यांमध्ये लाल राहिलंय. रंगाचंच.

फोनच्या स्क्रीनवर ‘रजिस्टरिंग’. कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी.

कारण बघायला मला वेळ लागला नाही. डाय हाऊसचं नेटवर्क वेगळं आहे, मशीनांमुळं. मी नवीन फायरवॉलचा नियम लिहिला त्यात त्या नेटवर्कमधून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडं जायची वाट बंदच राहिली. १५ तारखेला फोन खुर्चीवरून बंद-चालू केला तेव्हा विजेची वायर जागेवरच होती, घड्याळ टिकलं, म्हणून हिरवा आला. १७ ला वीज खरी गेली. घड्याळ पुसलं. वेळ विचारायला गेला, वाट बंद. मग सर्टिफिकेट बघितलं, पटलं नाही. गप्प बसला.

फोननं काहीच चूक केली नाही. त्याला जसं सांगितलं तसं वागला.

एक ओळ बदलली. चार मिनिटांत कुलूप आलं. बॉयलरला लावून बघितला. पलीकडून, "बॉयलर, बोला." मी फोन ठेवला.

२४ एप्रिल, गुरुवार

चौकशी समिती नेमली. देशमाने साहेब, एचआरचे एक, कामगारांकडून एक. पहिला प्रश्न फोनचा निघाला. फोन बंद होता हे कुणाला माहीत होतं?

रफिकभाईंना नोटीस. डाय हाऊसचा फोन १७ तारखेपासून बंद असताना वरिष्ठांना कळवलं नाही, असं. चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही. समितीपुढं ते म्हणाले म्हणे, "बोला था किसी को. याद नहीं किसको."

हे मला ॲकाऊंट्सवाल्या बाईंनी सांगितलं, चपाती खाताना. मी डबा तसाच बंद केला.

त्यांना याद आहे. चहाचा ग्लास कुठल्या हातात होता ते मला याद आहे, तर त्यांना माझं नाव याद नसेल का.

२५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी मला टेक्निकल रिपोर्ट मागितला. "दोन ओळी द्या, शिंगाडे मॅडम. वीज खंडित झाल्यामुळे उपकरणात बिघाड. फार खोलात नको."

दुसऱ्या कामासाठी पुण्याच्या इंजिनिअरशी बोलणं झालं. सहज विचारलं, फोन कधी बंद झाला त्याची नोंद सर्व्हर किती दिवस ठेवतो. "दहा दिवस. मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं, आपोआप. का हो?" म्हटलं, असंच.

१७ अधिक १०. रविवारपर्यंत.

काहीच करायचं नाही, फक्त रविवार जाऊ द्यायचा. सोपं आहे हे. मी दमलेय, आणि दमल्यावर माणूस काय करतं, तर काहीच करत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी ऑफिसला जाऊन नोंद छापून घेतली. तीन पानं. १७ एप्रिल, १२.१५, डाय हाऊस, संपर्क तुटला. त्याखाली आणखी एक ओळ जी मी विसरले होते: त्याच संध्याकाळी ५.५२ ला यादी उघडून बघितल्याची. माझ्या नावानं. १९ ला परत दोनदा. सर्व्हरला सगळं माहीत आहे.

पानं पर्समध्ये घालून रफिकभाईंच्या घरी गेले. हाताला पट्टी, बनियनवर बसलेले. बायकोनं सरबत दिलं. मी म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाले, "लेना होता तो लेता. मेरे कू आठ महिने रह गए रिटायर होने कू. आपकी नोकरी लंबी है."

"तसं नको."

"और मैंने बी दुबारा कहां बोला? शनिचर कू याद आया था मेरे कू. बोला, जाने दो, सोमवार कू बोलेंगे." मग आवाज बदलून: "आप घर कायकू आए जी. मेरे कू अच्छा लगे इसलिए? मेरे कू अच्छा नहीं लगता."

सरबत अर्धं राहिलं.

२७ एप्रिल, रविवार

दिवसभर घरी. आण्णांचे थेंब. फरशी पुसली, कपाट आवरलं, नको ती कामं.

अनिलला सगळं सांगितलं. त्यानं पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग चिडला, माझ्यावर नाही, कंपनीवर. "दोन माणसांचं काम एकटीकडून करून घेतात. तू दोनदा मागितला होतास ना दुसरा माणूस? मेल आहेत? ते पण जोड."

"ते कारण झालं."

"मग कारणच आहे ते."

आहेच. पण १७ तारखेला डाय हाऊसला चालत जायला मला दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. दहा मिनिटं लागली असती.

आण्णा काळ्या चष्म्याआडून ऐकत होते, मला वाटलं झोपलेत. म्हणाले, "त्यो माणूस चालंल का परत?"

"माहीत नाही."

"आन् त्याला ठावं हाय का, फोन तुझ्याकडं व्हता म्हून?"

"नाही."

"मग हितं काय बोलत बसलाय तुमी दोघं." आणि कूस बदलली.

मला राग आला. कुणी समजून घ्यावं असं वाटत होतं, तर असं.

२९ एप्रिल, मंगळवार

निवेदन लिहिलं. सव्वा पान. चार वेळा खोडलं. ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा आला होता, दोन्ही काढले. अनवधान नव्हतं. बघितलं होतं. डाय हाऊसला न जाता टिक केली, रफिकभाईंनी सांगूनही गेले नाही, लाल दिसत असताना ऑडिटच्या तक्त्यात हिरवं भरलं. नोंदीची तीन पानं मागं. दुसरा माणूस मागितल्याच्या दोन मेल जोडल्या, मग काढल्या, मग सगळ्यात शेवटी जोडल्या. अनिलला सांगितलं नाही.

२ मे, शुक्रवार

काल सुट्टी. आज साहेबांना दिलं.

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. मग बसून परत वाचलं. म्हणाले, "सोमवारी ऑडिट आहे."

"हो."

"हा तक्ता खोटा भरलाय असं तुम्ही लेखी देताय. सोमवारी ऑडिट असताना."

"त्या दिवशी खोटा होता. आता खरा आहे. परत सगळे फोन जाऊन तपासले. ९६."

"शिंगाडे मॅडम, बोद्दूलचा सगळा खर्च कंपनी करतेय. रफिकला मी सांभाळून घेईन, नुसती समज देऊन सोडू. कुणाचंच नुकसान नाही. हा कागद तुम्ही मला दिलाच नाही असं धरू. शनिवार-रविवार विचार करा."

वाईट माणूस नाही. माझ्या मुलाखतीला हेच होते. बाळंतपणाच्या रजेत ह्यांनीच नोकरी ठेवली. कागद त्यांनी माझ्याकडं सरकवला. मी घेतला. हात पुढं झाला आणि घेतला.

३ मे, शनिवार

कागद पर्समध्ये. आण्णांना सांगोल्याच्या एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाले, "आता तुझी गाडीबी दिसती मला, लांबनं." बस सुटेपर्यंत थांबले.

५ मे, सोमवार

ऑडिट झालं. गोरा माणूस, बरोबर मुंबईची दुभाषी बाई. फोनच्या पानाशी आल्यावर यादीवर बोट फिरवून एक निवडला. डाय हाऊस.

चालत गेलो, सगळे. त्यानं खांबावरचा फोन उचलला, कुलूप बघितलं, मला वायर काढून परत लावायला सांगितली. दीड मिनिट सगळे घाम पुसत उभे. कुलूप आलं. त्यानं अंगठा वर केला. दुभाषी बाई म्हणाली, "एकदम छान ठेवलंय म्हणतायत."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

ते गेल्यावर, पावणेपाचला, मी निवेदन एचआरच्या आवक टेबलावर दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्का मारणारीनं वाचलंसुद्धा नाही. "अजून काही?" म्हणाली.

७ मे, बुधवार

कुणी काही बोलत नाही. साहेबांचे मेल आता एका ओळीचे, नावाशिवाय. समितीचं पत्र आलं, माझं म्हणणं ऐकायला सोमवारी सकाळी अकराला. रफिकभाई अजून घरीच. त्यांची नोटीस मागं घेतली का, एचआरला विचारलं. "दोन्ही एकत्र बघू."

म्हणजे माझ्या कागदानं ते सुटले असंही नाही. हे मी धरून चालले होते. मी सांगितलं की त्यांचं सुटेल. आता दोघंही अडकलोय असं दिसतंय. फोन केला त्यांना. उचलला नाही.

११ मे, रविवार

आज व्यंकटेशच्या घरी गेले. परवा दवाखान्यातून सोडलं, हे गेटवर कळलं. अनिल येतो म्हणाला, नको म्हटलं.

पूर्व भागात बोळाच्या टोकाला घर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉटवर व्यंकटेश, पायांवर लाकडी चौकट, चौकटीवर चादर, कापड लागू नये म्हणून. त्यांची बायको भिंतीला टेकून विड्या वळत होती. मांडीवर सूप, हातात कात्री, पानं कापण्याचा बारीक आवाज.

"म्याडम, तुमी कशाला त्रास घेतला की उन्हाचा." उठून बसायला लागले. मी नको नको म्हटलं.

चहा आला. पायाचं विचारलं. डाव्या पायाची बोटं हलतात, उजव्याची अजून नाही. पुढच्या महिन्यात परत एकदा कातडी. "कंप्युटर काय म्हणतंय?" विचारलंच.

मी म्हटलं, "तुमच्या डाय हाऊसचा फोन माझ्याकडं असतो. तो बंद आहे हे रफिकभाईंनी मला गुरुवारी सांगितलं होतं. मला स्क्रीनवर दिसतही होतं. मी गेले नाही."

एवढं बोलायला वाटेत सिग्नलला तीनदा म्हणून बघितलं होतं. तिथं लांब वाटायचं. इथं लगेच संपलं.

"कुठल्या गुरुवारी?"

"तुमचं झालं त्याच्या आधीच्या."

ते बोटांवर मोजत बसले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. "चार दिवस," म्हणाले.

"हो."

"रफिकभाई मला बोलले न्हाय हे. दोनदा येऊन गेले की."

"मी लेखी दिलंय. उद्या समितीपुढं पण सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी चादरीची एक सुरकुती सरळ केली. "आता चालतो का फोन?"

"चालतो."

"व्हय." मग बायकोकडं वळून तेलुगूत सांगायला लागले. सावकाश, बराच वेळ. मधे ‘म्याडम’ आलं, ‘फोन’ आलं, ‘गुरुवार’ आलं. बाकी मला कळत नाही. बारा वर्षं या लोकांत काम करतेय, चार शब्द शिकले नाही. बाईंची कात्री थांबली होती. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं आणि एक वाक्य बोलल्या. मोठ्यानं नाही. एकच.

मी व्यंकटेशकडं बघितलं, ते मराठीत सांगतील म्हणून. त्यांनी मान खाली घातली. "चहा घ्या, गार व्हायलाय," म्हणाले.

मी चहा संपवला. विचारायचं धाडस झालं नाही. येते म्हटलं. बाहेर उंबऱ्याशी चपला घालत होते, तोवर आत कात्री परत सुरू झाली.